रबाळ्याच्या प्लेटिंगवाल्या काकांचे आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

ऐरोलीच्या आमच्या शाळेत पाण्याच्या विद्युत अपघटनाचा (वीज सोडून पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करण्याचा) प्रयोग आता प्रत्येक तुकडीत नीट होतो, तो तुमच्यामुळे. "पाण्यात काय घालायचं ते नंतर, आधी अ‍ॅनोड बघा," असं तुम्ही पहिल्यांदाच बजावलंत. अ‍ॅनोड म्हणजेच धनाग्र, विजेच्या धन टोकाला जोडलेला भाग; पुस्तकातल्या आकृतीत ती नुसती एक काडी. ती काडीच विरघळू शकते, हे रोज प्लेटिंगच्या, म्हणजे विजेने धातूचा मुलामा देण्याच्या, टाकीपाशी उभं राहणाऱ्याला लगेच कळतं.

धनाग्राला तांब्याची तार लावली की वीज तांबं उतरवण्यातच खर्च होते. पाणी निळसर होतं आणि ऑक्सिजन जेमतेम जमतो. स्टेनलेस स्टीलचा चमचा तर नकोच. त्यातून क्रोमियम विषारी रूपात उतरू शकतं, आणि ते पाणी सिंकमध्ये ओतता येत नाही. तुम्ही दिलेल्या ग्रॅफाइटच्या कांड्यांनी हे दोन्ही टळलं. तारेचा जोड एम-सीलने बंद करून दिलात तेही फार मोलाचं, कारण जोडातलं तांबं ओलं झालं की पुन्हा तेच रडगाणं.

पाण्यातून वीज नीट वाहावी म्हणून क्षार घालावा लागतो, पण मीठ घालू नका, हा सल्लाही तितकाच महत्त्वाचा. मिठाने धनाग्रावर क्लोरीन सुटतो आणि बंद वर्गात घशाला झोंबतो. एप्सम सॉल्टने (मॅग्नेशियम सल्फेटने) ऋणाग्रापाशी पांढरा साका धरतो. आता 100 मिली डिस्टिल्ड पाण्यात 7 ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट घालतो. हा क्षार उदासीन, त्यामुळे ऋणाग्रालगत धरलेला हळदीचा कागद लालसर होतो आणि तिथे आम्लारी तयार झाल्याचं मुलांना डोळ्यांनी दिसतं.

12 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आणि एकसरीत मल्टिमीटर. प्रवाह 0.2 अँपिअर राहिला तर 15 मिनिटांत हायड्रोजन साधारण 23 मिली मिळायला हवा, ऑक्सिजन त्याच्या निम्मा. ऑक्सिजन मात्र कमीच भरतो: तो पाण्यात हायड्रोजनपेक्षा जास्त विरघळतो, शिवाय थोडा ग्रॅफाइटशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणून वायू गोळा करायच्या नळ्या न लावता आधी 10 मिनिटं प्रवाह सोडायचा, ही तुमची युक्ती. विरघळण्यातली तूट तिने बरीच भरून निघते. ग्रॅफाइट खातो तेवढी राहते, आणि ती का राहते हे मुलं स्वतः सांगतात.

कारखान्याची पाळी सांभाळून तुम्ही वर्गात आलात, प्रत्येक बाकापाशी थांबून जोड तपासलेत. मनापासून आभार.

आपले,
विज्ञान शिक्षक, ऐरोली