अल्पाका देणाऱ्या ताईंना, त्यांच्या प्रत्येक ‘नाही’बद्दल

प्रिय ताई,

आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत. “ते राहू दे, नखं कापलीत का?” असंच विचाराल. कापली, तिन्ही अल्पाकांची. आता पुढचं वाचा.

उंटाच्या कुळातले हे लोकरीचे प्राणी घ्यायला तुमच्याकडे आलो तेव्हा आमचं सगळं ठरलेलं होतं. एक गाभण मादी, एक नर आणि धाकटीला आवडलेलं ते बाटलीवर वाढलेलं पिल्लू. जमीन होती, हौस होती, प्राण्यांचा अनुभव शून्य. गाभण मादीला खच्ची नरापेक्षा कितीतरी जास्त पैसे मिळतात. तरी घरी चालून आलेलं गिऱ्हाईक तुम्ही सरळ परत पाठवत होतात. “लोकरीसाठी तीन खच्ची नर न्या. वर्षभर सांभाळा. मग माद्यांचं बोलू.” नवरा गाडीत बसल्यावर म्हणाला, या बाईंना विकायचं आहे की नाही?

कारणं तुम्ही एकेक करून सांगितलीत, तीही न चिडता. अल्पाकाची मादी साधारण साडेअकरा महिने गाभण राहते आणि बहुतेक वेळा दिवसाउजेडी विते, इथवर सगळं सोपं. पण पिल्लू वेळेत उभं राहिलं का, पहिल्या काही तासांत त्याच्या पोटात चीक गेला का, वार पडली का, हे ज्याने कधी पाहिलेलं नाही त्याला बिघडलेलं कळणारच नाही. एकटा प्राणी तर मुळीच द्यायचा नाही, कारण कळपाशिवाय अल्पाका खंगतो. आणि ते गोड पिल्लू! बाटलीवर, माणसांच्या अंगाखांद्यावर वाढलेला नर माणसालाच आपल्या जातीचा समजतो आणि वयात आला की दुसऱ्या नराशी भांडावं तसा छातीने धडक देतो, चावतो. हे तुम्ही धाकटीसमोर उकिडवं बसून तिला समजावलंत. ती दोन दिवस फुरंगटली होती, पण आता आल्यागेल्याला हेच ऐकवते, तुमच्याच आवाजात.

कुंपणाची काटेरी तार काढायला लावलीत, कुत्र्यांची सोय विचारलीत, सावलीचा कोपरा दाखवायला लावलात. त्यावर आमची कुरकुर झाली, ती तुम्हाला ऐकू गेली असणार.

पण खरं ऋण आहे ते हाताचं. तुम्ही मला डोळे मिटायला सांगितलंत आणि माझा पंजा एका नराच्या खांद्यामागे, पाठीच्या कण्यावर ठेवलात. अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला. “लोकरीत बोटं घाल, वरून चाचपू नकोस.” कण्यापासून दोन्ही बाजूंना मांस छपरासारखं सरळ उतरत असेल तर ठीक, आत खळगा लागला तर प्राणी उतरलाय, फुगवटा लागला तर खाणं कमी करा. मग दुसरा नर, मग एक म्हातारी मादी. ती बाहेरून सगळ्यांत गुबगुबीत दिसत होती आणि हाताला मात्र नुसती हाडं लागली. दाढा झिजल्या होत्या तिच्या. लोकर किती खोटं बोलते, ते त्या दिवशी कळलं.

आमच्या तपकिरी नराच्या पाठीला एकदा नवऱ्याच्या बोटांना तसाच खळगा लागला. दिसायला काही फरक नव्हता. चरत होता, रवंथ करत होता, नेहमीसारखं ‘हुंऽ हुंऽ’ चाललं होतं. वजनकाट्यावर उभा केला तर वजन खरंच घटलेलं. तुम्हाला फोन केला. तुम्ही औषधाचं नाव घेतलं नाहीत. आधी खालची पापणी ओढून आतला रंग बघायला सांगितलात. फिकट होती, जवळजवळ पांढरी. “ताज्या लेंड्या घेऊन आत्ताच डॉक्टरकडे पाठव.” रक्त पिणारे जंत निघाले. डॉक्टरांनी वजन विचारून डोस ठरवला, काही दिवसांनी पुन्हा लेंड्या तपासल्या. कॅलेंडर बघून सगळ्यांना सरसकट औषध पाजायचं नाही, त्याने जंतच औषधाला सरावतात, हेही तुम्ही आम्हाला आधीच बजावलं होतं. पापण्या बघणं आता आमच्या रविवारच्या कामांत आहे. (लेंड्या गोळा करणं मात्र सुखाचं. सगळे एकाच जागी जाऊन टाकतात. आमच्या मुलांना ही शिस्त कधी लागणार, देव जाणे.)

कातरणीला तुम्ही आलात, त्याबद्दल वेगळं लिहायलाच हवं. दोरीने पाय ताणून आडवं केलेलं जनावर पाहून माझ्या पोटात गोळा आला होता. तुम्ही त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलात, तेवढ्यात दातही तपासून घेतलेत, आणि त्याच्या थुंकीची पहिली पिचकारी तुमच्याच ओढणीवर गेली. हिरवी, आंबूस. तुम्ही पुसलीसुद्धा नाहीत. “पाठीची लोकर वेगळी भर, मानेची वेगळी, पायांची त्यात मिसळू देऊ नकोस.” उन्हाळा तापायच्या आधी लोकर उतरवायचीच, असा तुमचा हट्ट होता. नंतर कडक उन्हात तिघं हलके होऊन धुळीत लोळताना पाहिले तेव्हा तो पटला.

मेंढीच्या लोकरीसारखा मेणचटपणा या लोकरीत जवळपास नसतो, त्यामुळे धुताना त्रास झाला नाही. धूळ तेवढी निघता निघत नव्हती. तपकिरीच्या पाठीची लोकर कातायला दिली आहे. पहिली लड तुमची. रंगवलेली नाही, आहे त्या रंगातच ठेवली आहे. पुढच्या आठवड्यात आणून देतो. त्याच वेळी माद्यांचं बोलायचं आहे. चीक, वार, नाळ, सगळ्यांवर प्रश्न विचारा, तयारी करून येतोय.

तुमचे,
आम्ही सगळे आणि तिघं