चि. मंदारास

प्रिय मंदार,

फोनवर तू पोर्तुगीज पासपोर्ट घेणार असल्याचं सांगितलंस आणि मागोमाग हे गाणं पाठवलंस. मी गाण्याबद्दलच लिहायचं ठरवलं आहे.

'बार्कू नेग्रू', काळी होडी. अर्थ तू ओळीओळीखाली लिहिलास म्हणून कळला. आजोबा असते तर तुझं पोर्तुगीज वाचून साऱ्या वाड्याला सांगत सुटले असते. पोर्तुगालची ती गायिका अमालिया रॉड्रिग्ज गाते तेव्हा आधी ढोल ऐकू येतो आणि माझ्या पोटात कालवतं. गाण्यातली बाई वाळूवर थरथरत जागी होते. तिच्या माणसाची होडी उजेडात नाचत लांब जाते. किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या म्हणतात, तो परत यायचा नाही. ही म्हणते, वेड्या आहेत त्या. तू गेलाच नाहीस, काचेवर वाळू उडवणाऱ्या वाऱ्यात तू आहेस, रिकाम्या बाकावर तू आहेस.

तुला ती बाई आवडली. मला त्या म्हाताऱ्यांचा राग येत नाही. त्यांचीही माणसं समुद्रावर गेली असणार.

पोर्तुगीज नागरिक झालास की आपला भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, हे तुला ठाऊक आहे ना? परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना देतात ते ओसीआय कार्ड मिळतं, पण मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आपल्या पोफळीच्या कुळागराला लागून असलेला तो तुकडा पप्पा कोणासाठी बघताहेत? एवढी घाई कशाला? १९६१ आधी, गोव्यात पोर्तुगीज राज्य असताना जन्मलेल्या आजोबांचा दाखला आहे म्हणून तो वापरलाच पाहिजे असं थोडंच आहे! जाऊ दे. पुन्हा तेच बोलले, रागावू नकोस. तिथे तू एकट्याने संसार थाटलास, कोणापुढे हात पसरला नाहीस, ते मी सगळ्यांना सांगते.

या चालीचं तू लिहिलंस ते डोक्यातून जात नाही. मूळ गाणं ब्राझीलचं. त्यात गुलाम काळी आई मालकाच्या गोऱ्या बाळाला जोजवते आणि तिकडे तिच्या माणसावर चाबूक पडतो. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या सेन्सॉरने ते शब्द चालू दिले नाहीत, म्हणून दावीद मोराँव-फरेरा या कवीने त्याच चालीवर ही किनाऱ्यावरची बाई आणली. शब्द बदलले, पण मला अजून त्या आईचंच रडणं ऐकू येतं.

लहानपणी दिवाडीच्या फेरीबोटीत तू माझा पदर धरून म्हणायचास, आपण इथेच आहोत, झाडं चालताहेत. खलाशी हसायचा. तू मात्र हट्टाने मोठ्याने सांगायचास आणि पप्पा तुला उचलून घ्यायचे. आता त्यांना गुडघ्याने जिना चढवत नाही. तुला सांगू नको म्हणालेत.

कागदांवर अजून सही केली नसशील तर आधी त्यांच्याशी बोल. माझ्याशी नको, मी रडेन आणि तू हो म्हणशील, तसं मला नको आहे. रविवारी दुपारी फोन कर, ते घरी असतात. आणि थंडीत कान झाकून फिर.

तुझी,
आई