कॉन्व्हेंट म्हणजे शाळा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळाप्रवेशाचे दिवस आले की बेळगावच्या बातम्यांत ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द रोज दिसू लागतो. कॉन्व्हेंटची फी, कॉन्व्हेंटचा गणवेश, कॉन्व्हेंटच्या दारातली पालकांची रांग. इंग्रजी माध्यमाची शाळा कुणाचीही असो, आपण तिला कॉन्व्हेंट म्हणून मोकळे होतो. खरे तर कॉन्व्हेंट म्हणजे सिस्टर जिथे एकत्र राहतात, प्रार्थना करतात, आजारी पडतात आणि म्हाताऱ्या होतात ते घर. शाळा असलीच तर त्या घराच्या शेजारी असते. कित्येक ठिकाणी शाळा नसतेच. दवाखाना असतो, किंवा वाड्यावस्त्या हिंडणाऱ्या तीन-चार जणी असतात, एवढेच. त्या घराविषयी मराठी वृत्तपत्रांत काहीच येत नाही, म्हणून हे पत्र.

मी खानापूर तालुक्यातली कॅथलिक. घरात कोकणी, शाळेत मराठी आणि बाजारात कानडी बोलत वाढले. मराठी शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. माझी धाकटी बहीण सिस्टर आहे. बारावी झाली आणि भाताची पेरणी आटोपताच ती पत्र्याची एक ट्रंक घेऊन निघाली. ‘कुणी फूस लावली?’ असे गावातल्या लोकांनी आम्हाला तोंडावर विचारले. फूस लावून मुलगी नेण्याइतके हे सोपे असते तर इतकी वर्षे कशाला लागली असती? आधी नुसते सोबत राहून बघायचे, मग नवदीक्षितांच्या घरात चर्चच्या कायद्याप्रमाणे किमान १२ महिने, मग ब्रह्मचर्य, अकिंचनता (स्वतःचे असे काही न बाळगणे) आणि आज्ञापालन ही तीन व्रते, तीही ठरावीक मुदतीची. अशी किमान तीन वर्षे काढल्याशिवाय आयुष्यभराची व्रते कुणालाही घेता येत नाहीत. या सगळ्या काळात परतीचे दार उघडे असते. तिच्याबरोबर गेलेल्या दोघी परत आल्या, आज त्यांचे संसार आहेत, आणि त्यांना कुणी नावे ठेवली नाहीत.

आई म्हणाली होती, ‘पोरगी दिल्यावानीच झालं की गं. फक्त सासर दर चार-सहा वर्षांनी बदलणार.’ तसेच झाले. बदलीचे पत्र आले की आठवड्याभरात निघायचे, सोबत न्यायला स्वतःचे असे फारसे काही नसतेच. वडील गेले तेव्हा ती दुसऱ्या राज्यात होती. माती द्यायला पोहोचू शकली नाही. पुढे आई तीन वर्षे अंथरुणाला खिळली, तिचे सगळे मी केले. त्या काळात मी बहिणीवर रागावले होते, संपादक महाराज, फार रागावले होते. पाचारण, म्हणजे या वाटेवर येण्याची हाक, देवाचे असेल, पण त्याची किंमत घरातल्या सगळ्यांना मोजावी लागते, हेही छापून आले पाहिजे असे मला वाटते. आज ती आदिवासी मुलींच्या वसतिगृहात आहे. रात्री एखाद्या पोरीला ताप आला की तिच्या उशाशी बसते. त्या पोरींच्या आयांना माझी बहीण माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. हे कळायला मला बराच काळ लागला.

पगाराचेही सांगते. अनुदानित शाळांतल्या सिस्टर आणि फादर यांच्या पगारातून आयकर कापला जावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केला. कायदा सगळ्यांना सारखा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या वेळी ‘इतकी वर्षे कर बुडवत होते’ असे आमच्याच ओळखीचे लोक बोलले, ते लागले. सिस्टरचा पगार तिच्या संस्थेकडे जातो. माझ्या बहिणीला चप्पल घ्यायची तर मदरकडे, म्हणजे कॉन्व्हेंटच्या प्रमुख सिस्टरकडे, मागावी लागते. फादरांचे थोडे वेगळे असते. धर्मप्रांताचे, म्हणजे एका बिशपांच्या अखत्यारीतल्या मुलखाचे, फादर अकिंचनतेचे व्रत घेत नाहीत. बिशपांच्या आणि त्यांच्यानंतर येणाऱ्या बिशपांच्या आज्ञेत राहण्याचे वचन देतात. आपला बेळगाव धर्मप्रांत १९५३ मध्ये झाला, १९७६ मध्ये त्यातून कारवार वेगळा निघाला, तरी आजही तो गदग-बागलकोटपर्यंत पसरलेला आहे. आमच्या तालुक्यातल्या मराठी-कोकणी घरातला मुलगा फादर होतो आणि पुढे ऐन कानडी मुलखात कानडीतून मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) सांगतो, कानडीतून लोकांची दुःखे ऐकतो. भाषेवरून आपल्या भागात जे चालते ते मी जन्मभर पाहत आले आहे. त्यामुळे ही गोष्ट मला मोठी वाटते.

आणि आता ज्यांच्यासाठी मुख्यतः लिहायला बसले त्यांच्याविषयी. ते फादर नव्हेत, सिस्टरही नव्हेत, घरसंसार करणारे साधे श्रद्धावंत. चर्चच्या मराठीत त्यांना ‘प्रापंचिक’ म्हणतात. ज्या भाषेत सावता माळी मळ्यात आणि गोरा कुंभार चाकावर संत झाले, त्या भाषेला हा शब्द समजावून सांगायला नको. १९६२ ते १९६५ या काळात झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही पवित्र जीवनाचे पाचारण फक्त फादर-सिस्टरांना नसून प्रत्येकाला आहे, असे स्पष्ट सांगितले. १५ मे २०२२ रोजी संत म्हणून घोषित झालेले देवसहायम हे त्रावणकोर दरबारातले लग्न झालेले गृहस्थ होते.

आमच्या धर्मग्रामातले, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतले, कटेकिस्ट (धर्मशिक्षण देणारे प्रापंचिक) गेल्या पावसाळ्यात वारले. दोन एकर भात आणि चार काजूची झाडे एवढा त्यांचा प्रपंच. जुलैत नाल्याला पाणी चढले की पलीकडच्या वाडीवर फादरांची मोटरसायकल जात नसे. तेव्हा हे डोक्यावर इरले घेऊन लाकडी साकवावरून जायचे. रविवारची प्रार्थना घ्यायचे, मुलांना धर्मशिक्षण द्यायचे, अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांना ख्रिस्तप्रसाद (मिस्सात पवित्र केलेली भाकर) न्यायचे. कुणी गेले तर तेर्स (जपमाळेची प्रार्थना) सांगायला आणि खड्डा खणायलाही तेच. असे चाळीसेक पावसाळे. त्यांना मानधन काय मिळायचे ते मी लिहीत नाही, त्यांना आवडले नसते. त्यांच्या मयताला वाडीवरची हिंदू घरे जास्त होती. निधन वार्तेत ‘शेतकरी’ एवढेच छापून आले. ते चूक नव्हते, पण अर्धेच होते.

माझी विनंती एवढीच आहे. नाताळला आपण कॅम्पातल्या फातिमा माता कॅथेड्रलच्या रोषणाईचा फोटो छापता, आम्हाला आनंद होतो. पण वर्षात आणखीही दिवस आहेत. १९९७ पासून २ फेब्रुवारी हा व्रतस्थांचा दिवस म्हणून जगभर पाळला जातो. ४ ऑगस्टला धर्मग्रामाच्या फादरांचे आश्रयदाते संत जॉन व्हियानी यांचा सण असतो. त्या सुमारास एखाद्या वर्षी आपला वार्ताहर खानापूर, नंदगड, लोंढ्याकडे पाठवावा. फीचे विचारू नये असे मी म्हणत नाही, जरूर विचारावे. त्यासोबत तुम्ही सकाळी किती वाजता उठता, घरची आठवण कधी येते, म्हातारपणी कोण बघणार, हेही विचारावे. आणि वाडीवरच्या कटेकिस्टांच्या घरी चहा घेतल्याशिवाय परतू नये.

माझी बहीण येत्या मे महिन्यात पंधरा दिवसांच्या सुट्टीवर घरी येत आहे. वार्ताहर आले तर ती बोलेल. मी तिला विचारून ठेवले आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, ता. खानापूर