बेडूक घरी आणताय? आधी सोलापूरचा उन्हाळा आठवा

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

सुट्ट्या लागल्या की मुलं काहीतरी पाळायचा हट्ट धरतात, आणि आता ॲक्वेरियमच्या दुकानात पांढरा, लाल डोळ्यांचा बेडूक पिशवीत घालून मिळतो. आमच्या मुलाने चार वर्षांपूर्वी तसाच एक आणला. दुकानदार म्हणाला, "ताई काही करावं लागत नाही, माशांसोबत सोडा, माशांचंच खाणं टाका, एवढासाच राहतो." यातली एकही गोष्ट खरी निघाली नाही, म्हणून हे पत्र लिहितेय.

हा बेडूक आपल्याकडचा नाहीच. आफ्रिकन क्लॉड फ्रॉग म्हणतात त्याला, मूळचा दक्षिण आफ्रिकेकडचा, जन्मभर पाण्यातच राहतो. मादी दहा-बारा सेंटीमीटरची होते आणि नीट सांभाळलं तर १५ वर्षं सहज जगतो, म्हणजे पाचवीतल्या पोराने आणला तर पोरगं नोकरीला लागेपर्यंत तो घरात आहे. आणि माशांसोबत सोडा म्हणे, आमचे चार गप्पी मासे आठवड्यात त्याच्या पोटात गेले. आणला तेव्हा सगळे पावसाची वाट बघत होते म्हणून सासूबाईंनी त्याचं नाव ठेवलं धोंडी.

पहिली चूक आमची पाण्याची झाली. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्या दिवशी उत्साहात ताजंच पाणी टँकमध्ये भरलं, वास येत होता क्लोरीनचा पण लक्षात कुणाच्या येतंय. धोंडी नुसता तडफडायला लागला, काचेवर आपटत होता. बेडकाची कातडी पाणी शोषून घेते, त्यामुळे पाण्यात जे असेल ते थेट अंगात. आता पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवतो आणि वरून अँटी-क्लोरीनचे थेंब टाकतो, मगच भरतो. हाताला साबण, क्रीम, डासांचं औषध लागलेलं असेल तर टँकमध्ये हात घालायचाच नाही.

खाण्याचं सांगते. याला जीभ नसते! गांडुळाचा तुकडा सोडला की आधी नुसता थांबतो, मग पुढचे दोन्ही हात पसरून तो तुकडा तोंडात कोंबतो, अगदी लहान बाळ वरणभात कोंबतं तसा. पूर्ण वाढलेल्याला आठवड्यातून दोन-तीनदाच द्यायचं, रोज दिलं तर रोज खाईल आणि फुगेल. गांडूळ खत करणाऱ्यांकडून गांडुळं आणतो, धुऊन देतो, फवारणीच्या शेतातली कधीच नाही. बाकी बुडणारे पेलेट, म्हणजे तयार खाण्याच्या गोळ्या. मटणाचे तुकडे, भाकरी, भात, प्रेमाने सुद्धा नको. अर्ध्या तासात खाल्लं नाही तर उरलेलं काढून टाका नाहीतर पाणी नासतं. तळाला बारीक खडे नकोत, खाण्यासोबत गिळतो. वर जाळीचं घट्ट झाकण हवं, उडी मारून बाहेर येतो आणि फरशीवर सुकून मरतो.

पण खरी परीक्षा एप्रिल-मे. या बेडकाला १६ ते २२ अंशाचं पाणी मानवतं आणि आपल्याकडे बाहेर ४३ असतं. पहिल्या मे महिन्यात धोंडीने खाणं सोडलं, वर तरंगत पडायचा, पाय लांब सोडून. थर्मामीटर घातला तर पाणी ३१. मुलगा रात्रभर टँकजवळ बसला होता, ते बघवत नव्हतं. तेव्हापासून टँक वरच्या खोलीतून खाली, माठ ठेवतो त्या अंधाऱ्या कोपऱ्यात आणलाय. छोटा पंखा पाण्यावर तिरका लावतो, आपली हवा कोरडी असल्यामुळे पाणी उडून चांगलं गार होतं (पातळी रोज बघावी लागते). दुपारी फ्रीजरमधली बर्फाची बाटली, झाकण बंद करून, एका टोकाला सोडतो, एकदम दोन-तीन नाही, कारण अचानक गार झालेलंही सोसत नाही. पाणी २४ अंशांपर्यंत उतरलं की तो खाली जाऊन बसतो. ज्यांना हे दोन महिने रोज जमणार नाही त्यांनी कृपा करून आणू नये.

हात लावल्यावर मुलांना साबणाने हात धुवायला लावा. अमेरिकेत २००८ ते २०११ मध्ये याच्याच एका छोट्या भाईबंदामुळे कितीतरी मुलांना साल्मोनेला, म्हणजे जुलाब-तापाचा जंतुसंसर्ग झाला होता.

आणि कंटाळा आला म्हणून कंबर तलावात, सिद्धेश्वर तलावात किंवा हिप्परग्याला सोडून येऊ नका. हे बेडूक बाहेरच्या कितीतरी देशांत असेच सुटून पसरलेत, आणि दुसऱ्या जातींच्या बेडकांना मारणारी बुरशी यांच्या अंगावर असू शकते, यांना स्वतःला सहसा काही होत नाही. तसंच पावसाळ्यात डबक्यातला पिवळाजर्द मोठा बेडूक बरणीत भरून आणणंही बंद करा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात आपल्या देशाने १९८७ सालीच बंद केली, मग आपण हौसेपायी का पकडायचे.

दुकानदारांना एकच विनंती आहे, पिशवीसोबत एक चिठ्ठी द्या. पंधरा वर्षं जगतो, गार पाणी लागतं, मासे खातो, सांभाळणं जमलं नाही तर तलावात न सोडता परत दुकानात आणा. एवढं लिहिलंत तरी पुष्कळ आहे, आणि परत आणलेला बेडूक घ्यायची तयारीही ठेवा.

आपली एक वाचक,
जुळे सोलापूर