हंगामाआधी संगणकाची झाडलोट करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत पेढीवर मी सव्वीस वर्षं दिवाणजी आहे. आधी सगळी खतावणी हाताने होती, गेली पंधरा-सोळा वर्षं संगणकावर आहे. चांगले चालते संगणक नुसत्या धुळीपायी भंगारात निघालेले मी पाहतोय. नव्या हळदीची आवक सुरू व्हायला थोडेच दिवस उरलेत, म्हणून आत्ताच लिहितो.

गेल्या मार्चमध्ये, ऐन सौद्यांच्या दिवसांत, आमचा संगणक रोज दुपारी आपोआप बंद पडू लागला. सकाळी नीट चालायचा. पण सौदे आटोपून शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, करायला बसलो की पंखा घरघरायला लागायचा आणि दहा मिनिटांत पडदा काळा. समोर माणसं एसटी चुकेल म्हणून खोळंबलेली. दुरुस्तीवाल्याने वरवर पाहून सांगितलं, ‘मदरबोर्ड (सगळे भाग जोडलेली आतली मुख्य पाटी) गेलाय, नवीनच घ्या.’ अडतीस हजारांचा अंदाज दिला. मालक चेक फाडायला निघाले होते, मी एक रविवार मागून घेतला.

आमच्याकडच्या एका हमालाचा मुलगा आयटीआय शिकलाय, त्याला बोलावलं. त्याने कॅबिनेटचे दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवला आणि आम्ही दोघेही बघतच राहिलो. आत सगळं पिवळं! प्रोसेसरवर, म्हणजे संगणकाच्या मेंदूवर, ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची जाळी असते, तिच्यातून पंख्याचा वारा जायचा असतो. त्या पात्यांमध्ये हळदीची धूळ इतकी घट्ट बसली होती की चिमटीत धरून ओढली तर वाकळेच्या चिंधीसारखी सलग निघाली. वारा जाणार कुठून? प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की जळू नये म्हणून यंत्र स्वतःच बंद होतं. दुपारचा उन्हाळा आणि कामाचा ताण एकत्र आला की आमचं यंत्र तेच करत होतं. जाळी आणि प्रोसेसर यांच्यामध्ये उष्णता ओढून घेणारी पेस्ट असते, तीही वाळून चुन्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. नवी पेस्ट, एक मऊ ब्रश आणि पोराची तासाभराची मेहनत एवढ्यावर तो संगणक आजही चालू आहे. खर्च तीनशेच्या आत.

हे काम कुणालाही जमेल, पण काही पथ्यं पाळावीत. नुसतं बटण बंद करून भागत नाही. पिन भिंतीतून काढायची आणि मग चालूचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, नाहीतर अंगातली स्थिर वीज नाजूक भागांना मारक ठरते. धूळ उडवायला ब्लोअरने वारा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, वाऱ्याने ते गरागरा फिरू द्यायचं नाही. वीजपुरवठ्याचा जो डबा असतो, तो मात्र कधीही उघडू नये. पिन काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. त्यावर बाहेरूनच वारा मारावा.

दुसरी गोष्ट तारखेची. एके दिवशी संगणक चालू केला तर तारीख कित्येक वर्षं मागची, आणि जीएसटीचं संकेतस्थळ उघडेना. संकेतस्थळाचं प्रमाणपत्र वैध नाही असा इशारा यायचा. कुणी म्हणालं व्हायरस शिरलाय. खरं कारण मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल. तीन व्होल्टचा, सीआर २०३२ या नावाने घड्याळाच्या दुकानातही मिळतो. संगणक बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. काही वर्षांनी तो संपतोच, बदलला की झालं.

संगणक संथ झाला तर नवा घेण्याआधी सी ड्राइव्ह बघावा. आमचा व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या फोटोंनी आणि व्हिडिओंनी काठोकाठ भरला होता. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं तर टास्क मॅनेजर उघडतो, त्यातल्या ‘स्टार्टअप’मध्ये संगणकाबरोबरच सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी सापडते, त्यातले नको ते बंद करता येतात. दोन-दोन अँटिव्हायरस तर कधीच ठेवू नयेत, ते एकमेकांच्या पायात येतात. आणि विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अद्यतनं (अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आहेत. त्यावर बँकेचे व्यवहार करणाऱ्यांनी पुढची सोय लवकर बघावी.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. मी गावभागात राहतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या तळमजल्यावरचा संगणक बुडाला. नकलेसाठी घेतलेली हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात होती, तीही गेली. मुलीच्या लग्नाचे फोटो त्यात होते. संगणक परत घेता आला, ते फोटो मात्र कुठेच नाहीत. तेव्हापासून पेढीच्या हिशेबाची एक नकल दर शनिवारी मी विट्याच्या बहिणीकडे पोचेल अशी व्यवस्था केली आहे. यंत्र आणि नकल एका छपराखाली ठेवू नका. महिन्यातून एकदा ती नकल उघडूनही बघा. नुसती असून चालत नाही, उघडली पाहिजे.

बाजार समितीने हंगामाआधी सगळ्या पेढ्यांना संगणकाच्या झाडलोटीची सूचना काढावी, आणि शाळांनी मे महिन्यात कुलूप लावण्याआधी संगणक कक्षातली यंत्रं झाडून, झाकून ठेवावीत, एवढी विनंती आपल्या वृत्तपत्रामार्फत करतो. येत्या रविवारी सकाळी नऊपासून आमच्या ओळीतल्या चार पेढ्यांचे संगणक तो मुलगा आणि मी उघडणार आहोत. यार्डातल्या ज्यांना शिकायचंय त्यांनी यावं. येताना रंगकामाचा एक कोरा, मऊ ब्रश आणि नाकाला बांधायला रुमाल आणावा.

आपला,
एक दिवाणजी,
गावभाग, सांगली