पॉइंटरवरून रडलीस म्हणून

मनू,

काल "मला पॉइंटर कधीच जमणार नाहीत, मी ब्रांचच बदलते" म्हणालीस आणि फोन ठेवलास. परत लावला तर उचलला नाहीस. झोपली असेल असं बाबा म्हणाले, पण मला नाही वाटत, तुझं लास्ट सीन रात्री अडीच-तीनचं असतं. त्यावर आज बोलणार नाहीये. आज फक्त सी या प्रोग्रामिंग भाषेतले पॉइंटर.

तू पाठवलेला स्वॅपचा, म्हणजे ए आणि बी मधल्या किमतींची अदलाबदल करायचा, कोड बघितला. लॉजिक बरोबर आहे गं! फंक्शनच्या आत अदलाबदल नीट होते, पण सी मध्ये फंक्शनला व्हॅल्यूची कॉपी जाते, म्हणून तू कॉपीच उलटसुलट करतेस आणि मेनमधले, म्हणजे मुख्य फंक्शनमधले, ए आणि बी आहेत तिथेच राहतात. यात डोकं कमी आहे वगैरे काही नाही.

आता स्क्रीन बंद कर आणि कागद घे. एक चौकोन काढ, म्हणजे मेमरीतली एक जागा, नाव ए, आत 5, वर पत्ता समज 1000. शेजारी दुसरा, नाव पी, त्याचा स्वतःचा पत्ता 2000 आणि आत लिही 1000. झालं, पी हा पॉइंटर. साधा व्हेरिएबलच आहे, फक्त आतला आकडा कुणाचा तरी पत्ता आहे. &ए म्हणजे 1000, पी म्हणजे पण 1000, *पी म्हणजे 5, आणि &पी विचारलं तर 2000. *पी = 7 लिहिलंस की पी जसाच्या तसा, ए मध्ये 7. दर ओळीला कोणता चौकोन बदलला ते खोडून लिही, मनातल्या मनात नको करूस, आणि हे सकाळी कर, रात्री नाही.

तुझा खरा घोळ स्टारचा (*) आहे असं मला वाटतं. "इंट *पी = &ए;" यात इंट म्हणजे पूर्णांक, आणि स्टार फक्त पी पॉइंटर आहे एवढंच सांगतो, पत्ता पी मध्ये जातो, *पी मध्ये नाही. खाली *पी लिहिलंस की तोच स्टार त्या पत्त्यावर जायला सांगतो. चिन्ह एक आणि कामं दोन, इथे भले भले अडकतात. आणि "इंट *पी, क्यू;" यात क्यू साधा इंट असतो, हे लक्षात ठेव.

बरं, आकडा वाचून घेणाऱ्या स्कॅनएफमध्ये & लावतेस ना? मग पॉइंटर तू पहिल्या आठवड्यापासून वापरतेयस. तिथे & का लागतो तेच स्वॅपचं उत्तर आहे, पुढचं मी सांगत नाही.

दुसरीत हातच्याची वजाबाकी आली तेव्हा तो एक येतो कुठून हे कळल्याशिवाय तू पुढचं गणित करायला तयार नव्हतीस. बाबा वैतागले, आजी म्हणाली पोरगी हट्टी आहे. मला तेव्हाच फार भारी वाटलं होतं, तुला कधी बोलले नाही. तीच मुलगी आता "पाठ करून पास होते" म्हणते तेव्हा भीती वाटते मला. नापास होशील याची नाही, एकटी जागत बसशील आणि कुणाला विचारणार नाहीस याची. दादाच्या वेळचं आठवतं ना तुला.

झालं माझं लेक्चर सुरू, सॉरी.

सेगमेंटेशन फॉल्टला, म्हणजे चुकीच्या पत्त्यावर गेल्यामुळे प्रोग्राम बंद पडतो त्याला, घाबरू नकोस. बहुतेक वेळा पॉइंटरला पत्ता दिलेलाच नसतो, आत कचरा असतो आणि तू त्यावर स्टार लावतेस. द्यायला पत्ता नसेल तर नल, म्हणजे "कुठलाच पत्ता नाही", दे, आणि वापरायच्या आधी नल आहे का ते तपास. क्रॅश झाला तर उलट बरं, कचरा पत्ता असूनही प्रोग्राम चालल्यासारखा दिसतो ते जास्त वाईट, आमच्या कामात असले बग शोधताना दिवस जातात. वॉर्निंग सगळ्या चालू करून कंपाइल कर आणि प्रत्येक वाच. पी + 1 केल्यावर 1001 का येत नाही, 1004 का येतं, तेही कागदावर बघ, इंट 4 बाइटचा धरून. ते कळलं की अ‍ॅरे (ओळीने शेजारी ठेवलेल्या किमती) आपोआप सुटतो.

मॅलॉक आणि लिंक्ड लिस्ट हे पुढचे धडे आत्ता उघडूही नकोस. ब्रांच बदलायचीच असेल तर बदल, बाबांशी मी बोलेन, पण अर्धवट झोपेत ठरवू नकोस. स्वॅप परत लिही आणि चौकोनांच्या कागदाचा फोटो पाठव, चुकला असेल तरी खाडाखोड न लपवता तसाच. मी उद्या सकाळी आठपर्यंत घरी आहे.

आई