रोलरची किल्ली

प्रिय बंड्या,

चार महिने पत्र नाही, घाल शिव्या. गुडघा बरा आहे. परवा मैदानाच्या तात्या माळ्यांनी रोलरची किल्ली सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवली आणि घरी गेले. हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार?

नवे सेक्रेटरी माणूस वाईट नाही, पण कारभार सगळा व्हॉट्सअ‍ॅपवर. 'अकरापर्यंत रोलर फिरलाच पाहिजे, फोटो टाका.' माळ्यांनी फिरवला, टाकला फोटो. खेळपट्टी ओली. काळी माती अंगठ्याला चिकटून येत असताना रोलर घातला की पापुद्रे ड्रमबरोबर उचलून येतात. राहिलेला थर दाबून बसतो नि ओल खाली कोंडते. वर पापड, खाली लोणी. फोटो मात्र झकास! (ओल्या विकेटवर टॉस जिंकून तू बॅटिंग घेतली होतीस, ते मी विसरलेलो नाही.)

माळी काही बोलले नाहीत, हेच मला खातंय. दमात घेतलं की माणूस सांगितलं तेवढंच करतो. 'साहेब, ओल आहे' म्हणायची जोखीम कोण घेईल? गॅरी युक्ल या अमेरिकी प्राध्यापकाने दुसऱ्याकडून काम करून घ्यायच्या ११ तऱ्हा मांडल्यात. १९९२ च्या त्यांच्या अभ्यासात विश्वासात घेऊन विचारणं, कारण पटवून देणं आणि मनाला हात घालणं सर्वांत फळलं. दटावणी, नियमावर बोट ठेवणं आणि चार जणांना घेऊन दडपण आणणं सर्वांत कमी. तात्यांना हे न वाचता ठाऊक आहे.

आदल्या संध्याकाळी खेळपट्टीपाशी उभं राहून विचारायचं, 'उद्या कधी चालेल?' कारणही सांगायचं: रविवारी दुपारपर्यंत बाउन्स टिकायला हवा. तात्या म्हणतील, 'ऊन पडलं तर साडेनऊला. आधी हलका, मग जड.' ती वेळ मग त्यांची स्वतःची होते, आभाळ आलं तर तेच आधी फोन करतात. जादा पैसे कबूल केले तर त्याच आठवड्यात द्यायचे, एकदा बुडवले की पुढचं आमिष फुकट. आणि काम सांगण्याआधी कौतुक नको. माळी लगेच ओळखतात, साहेब काहीतरी मागणार. बीसीसीआयने २०२४ च्या आयपीएलनंतर नेहमीच्या १० मैदानांच्या ग्राउंड्समन-क्युरेटरना मैदानामागे २५ लाख जाहीर केले, तेही मोसम संपल्यावर. आमच्याकडे साधा चहासुद्धा मागून घ्यावा लागतो.

छोटीची दहावी कशी गेली? वहिनींना नमस्कार.

सेक्रेटरी तुझं ऐकतात. सोमवारी ये, आणि एकटाच ये. चौघांना घेऊन आलास तर तेही दडपणच. आधी तात्यांकडे जाऊ, मग ऑफिसात.

तुझाच,
पम्या